टेकडीवरचे थरलो आणि दलदलीचे थरलो

डनवेल, १३ मार्च १८३८

आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं आहे. ज्या घराण्याचं नाव दगडावर कोरलं जाणार, त्या घराण्यात कुणीतरी लिहून ठेवायला हवं. नाहीतर पुढच्या पिढ्यांना आपलं मोठेपण कळणार कसं? मेहिटाबलला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पुढच्या पिढ्यांचं राहू द्या, आधी परसातलं कुंपण दुरुस्त करा. शेजारची गाय रोज आत येते." माझ्या बायकोला इतिहासाचं अंग नाही.

आज गावची वार्षिक सभा झाली. येत्या सप्टेंबरात डनवेलला दोनशे वर्षं पुरी होतात. प्रार्थनागृहासमोर ग्रॅनाइटचा खांब उभारायचं ठरलं. खांबावर गावाचा संस्थापक हेझेकाया थरलो याचं नाव, आणि त्याखाली त्याच्या वंशजाचं. भाषण वंशजानेच करायचं. हे म्हणताना सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी, एल्काना थरलो, जमिनीकडे पाहिलं. नम्रता दिसावी म्हणून. पण आमचे पाद्रीसाहेब किरकिरे. म्हणाले, बाप, आजा, पणजा अशी एकेक पायरी सिद्ध झाली पाहिजे. गेल्या वर्षी शेजारच्या एका गावात वंशज म्हणून जो माणूस भाषण करून गेला, तो पुढे पत्र्याची भांडी विकणारा फिरस्ता निघाला. मी म्हटलं, सिद्ध करतो. त्यात काय मोठं!

गावात थरलो दोन प्रकारचे. आम्ही टेकडीवरचे. दुसरे दलदलीकडचे, ते आमचे कुणी नव्हेत. थरलो हे नाव रानगवतासारखं कुठेही उगवतं. दलदलीकडच्यांपैकी आता एकच उरली आहे, थँकफुल बास्कम. माहेरची थरलो, विधवा, वय सत्याहत्तर. सगळं गाव तिला थँकफुल मावशी म्हणतं. सभेच्या शेवटी ती उठली आणि म्हणाली, या हिवाळ्यात लाकूड पुरलं नाही, गावाने एक गाडी द्यावी.

मी चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीसाहेबांचा मदतनीस आहे, तसाच गावच्या गोरगरिबांचा कारभारीही आहे. म्हणजे गावाचा पैसा गोरगरिबांपासून वाचवणं हे माझं काम. आज एक गाडी लाकूड मागितलं, उद्या पीठ मागेल, परवा डॉक्टर. कायदा सरळ आहे. ज्याचा बाप-आजा ज्या गावचा, त्या गावाने त्याला पोसायचं. आजा दुसऱ्या गावचा निघाला, तर गाडीत बसवून त्या गावाच्या हवाली करायचं. तिचा आजा कुठला, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी विचारायचं ठरवलं.

४ एप्रिल

बॉस्टनहून मिस्टर क्विंट आले. वंशावळी काढून देणं हा त्यांचा धंदा. अंगात मखमली जाकीट, बोटांना शाई. आल्या आल्या त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "आपल्याला घराण्याच्या मानचिन्हात, ढालीवर, सिंह हवा की गरुड?"

मी म्हटलं, सिंह.

"आणि खरं काय होतं?" मेहिटाबलने विचारलं.

"खरं काय ते सापडेलच, बाईसाहेब," मिस्टर क्विंट म्हणाले. "पण सिंह रंगवायला वेळ लागतो, म्हणून तो आधी सुरू करतो."

माणूस कामाचा आहे. जेवणात त्यांनी सफरचंद भरलेला गोड ॲपल पाय तीनदा घेतला. वरच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली त्यांना दिली आहे.

१९ एप्रिल

थँकफुल मावशीकडे जाऊन आलो. झोपडीत पाय ठेवताच ती म्हणाली, "ये एल्काना, दार लाव. आधीच ऊब नाही, असेल तीही बाहेर घालवू नकोस." चुलीत काटक्या होत्या. तव्यावर मक्याची भाकरी आणि दलदलीतली ईल मासळी. मला खायला दिलं. मी घेतलं नाही. कारभाऱ्याने घ्यायचं नसतं.

"मावशी, तुझा आजा कोण?"

"प्रिझर्व्हड थरलो. संस्थापकाचा नातू."

"पुरावा?"

"मी आहे ना."

"मी दगडाबद्दल विचारतोय. त्याचा दफनभूमीत दगड कुठे आहे?"

"आमच्यात दगड कुणाला परवडतोय? लाकडी पाटी होती, कुजली. माझ्या नवऱ्याची कुजली, तिन्ही लेकरांच्याही कुजल्या. पण कुणाची जागा कुठली, ते मला पाठ आहे. डोळे झाकून जाईन."

मी तिला समजुतीने सांगितलं, की तिचं मूळ दलदलीपलीकडच्या मार्शटन गावचं असावं, आणि मार्शटन काही वाईट गाव नाही. तिथल्या गरीबगृहात दिवसभर चूल पेटती असते, रविवारी मटणही मिळतं म्हणतात.

"तिथे माझं कोण पुरलंय?" तिने विचारलं.

विचारलेल्याचं उत्तर सोडून ही उलट प्रश्न करते. दलदलीकडच्यांची सवयच आहे ती.

"मला इथून हलवू नकोस, एल्काना," ती मग म्हणाली. "लाकूड नको देऊस. मी मागितलंच नाही असं धर."

आता हे कसं धरणार? मागणी नोंदवून झाली आहे.

२१ एप्रिल

सापडलं! दफनभूमीत, गवतात निम्मा बुडालेला पाटीदगड, वर पंख असलेली कवटी कोरलेली. मी गुडघ्यांवर बसून शेवाळं खरवडलं. 'प्रिझर्व्हड, जोनास व कम्फर्ट थरलो यांचा मुलगा, १६९३ साली निवर्तला, वय वर्षे तीन.'

जोनास हा संस्थापकाचा मुलगा, म्हणजे नातू तो हाच; आणि तीन वर्षांच्या पोराला नात होत नाही. म्हणजे मावशीचा प्रिझर्व्हड हा कुणी दुसराच, मार्शटनकडून आलेला. प्रिझर्व्हड म्हणजे देवाने राखलेला. आमच्या या बिचाऱ्याला देवाने फार काही राखलं नाही, पण मरणानंतर त्याने गावाची लाकडं राखली.

घरी येऊन, थँकफुल बास्कम तुमची, तिला घेऊन जा, अशी मार्शटनच्या नावाने नोटीस लिहिली. त्यात एक वाक्य मला फार साधलं आहे: 'दगडावर कोरलेलं असतं ते कोरलेलं असतं.' खाली सही केली.

मेहिटाबलला वाचून दाखवली. ती सूत कातत होती, तिचं चाक थांबलं. "अहो, पण एक मूल गेलं की त्याचंच नाव पुढच्याला ठेवतात. त्या काळी ठेवायचे, अजूनही ठेवतात. हे तुम्हाला मी सांगायला हवं? तुम्हाला?"

"दगडावर तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे विचित्र दिसत होते. सर्दी होणार असेल.

९ मे

मार्शटनचे कारभारी कॅप्टन जोथम स्प्रॅग स्वतः आले. जन्मभर मासेमारीच्या जहाजावर काढल्यामुळे हा माणूस दिवाणखान्यातही वादळात असल्यासारखा ओरडतो. येताना खारवलेला कॉड मासा आणला होता. मेहिटाबल लगेच खूश.

"काय हो डीकन, तुमची म्हातारी आमच्या गळ्यात का बांधताय?"

"ती तुमचीच आहे, कॅप्टन. आजा तुमच्याकडचा."

"आमच्याकडे थरलो कधी नव्हताच. आमच्याकडे बुडालेले लोक सगळे नावानिशी माहीत आहेत. एकही थरलो बुडाला नाही."

"आमचा प्रिझर्व्हड तिसऱ्या वर्षी वारला. दगड आहे."

"असं?" कॅप्टनने टोपी फिरवली. "सत्तर वर्षं जी बाई इथे राहिली, इथे लग्न केलं, इथे चार मुडदे पुरले, ती तुमची नव्हे, कारण एक दगड म्हणतो. बरं. मग दगडांनाच विचारू. न्यायाधीश लोरिंगना बोलवा जुलैत. मी येतो."

जाताना त्यांनी मेहिटाबलशी पडवीत उभं राहून काही बोलणं केलं. मी विचारलं तर म्हणाली, कॉड कसा भिजवायचा ते सांगत होते. कॉड भिजवायला ती माझ्या आईच्या हाताखाली शिकली आहे, पण असो.

३ जून

मिस्टर क्विंटनी पहिला निष्कर्ष आणला. माझी छाती भरून आली आहे. आमचे मूळपुरुष हेझेकाया थरलो हे गावाच्या जुन्या न्यायालयाच्या कागदांत पदोपदी भेटतात. जवळजवळ दर बैठकीला त्यांचं नाव आहे.

"कोणत्या संदर्भात?" मी विचारलं.

मिस्टर क्विंट खाकरले. "प्रामुख्याने डुकरांच्या. ती मोकळी असत. शेजाऱ्यांच्या शेतांत."

म्हणजे या किनाऱ्यावर पशुपालनाचा विस्तार करणारे ते पहिले. मी टिपून घेतलं.

"शिवाय पाद्रींशी त्यांचा विचारविनिमय होई."

"ईश्वरविषयक?"

"प्रवचन चालू असताना. मोठ्याने. मग त्यांना दिवसभर खोड्यात पाय अडकवून चौकात बसवीत. एरवी प्रवचनात ते झोपत, त्याचीही नोंद आहे."

निर्भीड विचार आणि शांत चित्त. हे दोन्ही गुण माझ्यात कुठून आले, ते आज कळलं. मेहिटाबल तोंडाला फडकं लावून स्वयंपाकघरात गेली. तिची सर्दी अजून बरी नाही.

२० जून

आज माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता बरा आहे, म्हणून लिहितो.

आमच्या घरात पूर्वापार सांगतात, की आम्ही संस्थापकाचे थोरले नातू कॅप्टन इन्क्रीज थरलो यांचे वंशज. त्यांची तलवार होती, प्रार्थनागृहात पहिल्या रांगेत बाक होता. मिस्टर क्विंट जेवायला बसता बसता म्हणाले, "कॅप्टन इन्क्रीज एकविसाव्या वर्षी फ्रेंचांशी लढताना पडले. लग्न झालेलं नव्हतं."

"मग मूल?"

"डीकनसाहेब, लग्न झालेलं नव्हतं."

मी काटा खाली ठेवला. "मग मी कुणाचा?"

"संस्थापकाला दोनच नातू. एक इन्क्रीज, दुसरा प्रिझर्व्हड. तेव्हा आपण प्रिझर्व्हडचे."

"पण तो तर तिसऱ्या वर्षी वारला!"

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. सहीनिशी."

मिस्टर क्विंटनी शिजवलेल्या घेवड्याची बशी पुढे ओढली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "काही अडत नाही. पहिला गेला, दोन वर्षांनी दुसरा झाला, त्यालाही तेच नाव ठेवलं. आपल्याकडे घरोघरी हेच. दुसऱ्याच्या बारशाची नोंद पाद्रींच्या वहीत आहे, मी आजच पाहिली."

माझा जीव भांड्यात पडला. अर्थातच! एक मूल गेलं की त्याचंच नाव पुढच्याला ठेवतात. ही साधी गोष्ट आहे, कुणालाही कळेल. मी मिस्टर क्विंटना सिंह मोठा करायला सांगितला.

मेहिटाबलने ताटं उचलली नाहीत. उभीच राहिली. रागावली की ती मला डीकनसाहेब म्हणते.

"डीकनसाहेब, म्हणजे एकच माणूस तुमच्यासाठी जगला आणि थँकफुल मावशीसाठी मेला?"

"तसं नाही. खांबाची समिती वेगळी, गोरगरिबांची समिती वेगळी."

"आणि प्रिझर्व्हड?"

"तो खांबाच्या समितीत जिवंत आहे."

ती आत गेली. रात्री घेवड्याबरोबर नेहमीची काळी पाव-रोटी नव्हती.

२ जुलै

नोटीस मागे घ्यावी का, असा विचार आज सकाळी दाढी करताना मनात आला. घेतली तर कॅप्टन स्प्रॅग म्हणणार, डनवेलचा कारभारी हरला. घेतली नाही तर मावशी सप्टेंबराआधी मार्शटनला जाईल, आणि समारंभाच्या वेळी पाहुण्यांपुढे दलदलीकडचं कुणी येणार नाही. सर्व बाजूंनी पाहता न घेणं गावाच्या हिताचं आहे. दाढी करताना कापलं.

१७ जुलै

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण पुढे लोक त्यात मीठमसाला घालतील.

उकाडा भयंकर. न्यायाधीश लोरिंग बॉस्टन रस्त्याने घामाघूम होऊन आले. प्रार्थनागृह गच्च भरलं होतं. इतके लोक प्रवचनाला येत नाहीत. मावशी पुढच्या बाकावर काळी टोपी घालून बसली होती. शेजारी तिचं गाठोडं. निकाल विरुद्ध लागला तर घरी परत गेल्यावर तिथून पाय निघणार नाही, म्हणून ती ते बरोबरच घेऊन आली होती. मेहिटाबल माझ्या बाजूला न बसता तिच्या बाजूला बसली.

मी नोटीस वाचली. 'दगडावर कोरलेलं असतं ते कोरलेलं असतं' हे वाक्य दोनदा वाचलं. मग कॅप्टन स्प्रॅग उठले.

"महाराज, माझं म्हणणं दफनभूमीत मांडू द्या. तिथे सावलीही आहे."

न्यायाधीशांना सावली पटली. सगळं गाव उठून मागोमाग. मी प्रिझर्व्हडचा दगड दाखवला. न्यायाधीशांनी वाकून वाचला, मान हलवली. मावशीने गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"आता जरा इकडे," कॅप्टन म्हणाले, आणि थेट आमच्या घरच्या दगडांपाशी गेले. माझ्या वडिलांच्या शेजारी एक लहान दगड आहे. तो मी लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून पाहत नाही. "डीकन, हा वाचून दाखवता?"

मी वाचला. "'एल्काना, एबेल व रूथ थरलो यांचा मुलगा, १७८४ साली निवर्तला, वय वर्षे दोन.'"

"हा कोण?"

"माझा थोरला भाऊ."

"तुमच्या आईवडिलांची नावं?"

"एबेल आणि रूथ."

"आणि तुमचं?"

मी हाताने माशा वारल्या. आजूबाजूला माशा फार होत्या.

"तुमचं नाव विचारतोय, डीकन."

"एल्काना."

कॅप्टन न्यायाधीशांकडे वळले आणि वादळात ओरडावं तसे ओरडले, "महाराज, दगडावर कोरलेलं असतं ते कोरलेलं असतं, हे यांनीच लिहून दिलंय. तेव्हा डनवेलचे कारभारी चोपन्न वर्षांपूर्वी वारलेत. मेलेल्या माणसाने पाठवलेली नोटीस मार्शटनने मानायची का, एवढंच मला विचारायचंय."

लोक हसले. हसले म्हणजे, पाद्रीसाहेब झाडाला धरून उभे राहिले. न्यायाधीशांनी रुमालात तोंड घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. मेहिटाबल हसत हसत रडत होती की रडत रडत हसत होती, मला सांगता येणार नाही.

त्यात मिस्टर क्विंट आपलं ज्ञान पाजळायला पुढे आले. न्यायाधीशांनी विचारलं, दुसरा प्रिझर्व्हड झाला होता का? ते म्हणाले, "निःसंशय. बारशाची नोंद आहे. त्याला दोन मुलगे. थोरल्याची मुलगी या बाई, धाकट्याचे नातू आमचे डीकनसाहेब. थोरली शाखा बाईंची." हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं.

निकाल: थँकफुल बास्कम डनवेलची. तिला डनवेलनेच पोसायचं.

मावशी मटकन एका दगडावर बसली. कुणाच्या दगडावर बसली, ते पाहायचं मला सुचलं नाही. मग उठून ती दूरच्या कोपऱ्यात गेली, जिथे नुसतं गवत आहे, आणि तिथे थोडी इकडे, थोडी तिकडे अशी उभी राहिली. परत आली तेव्हा गाठोडं तिच्या हातात नव्हतं. मेहिटाबलने ते घेतलं होतं.

१९ जुलै

बाहेर गेलो नाही. मेहिटाबल दुकानासमोरून जाताना कुणीतरी "देव मृतात्म्यास शांती देवो" म्हणालं, असं तिने येऊन सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती.

२३ जुलै

पाद्रीसाहेब येऊन गेले. समितीने ठरवलं आहे की खांबावरचा पडदा थोरल्या शाखेने काढावा, म्हणजे मावशीने. भाषण मीच करावं, कारण ते आधीच लिहून झालं आहे आणि दुसऱ्या कुणाला करायचं नाही.

विचार केला. संस्थापकाची थोरली वंशज दलदलीत झोपडीत राहते, हे बॉस्टनच्या पाहुण्यांना दिसलं तर थरलो घराण्याची काय शोभा? तिला आपल्या घरी आणावं. उत्तरेकडच्या खोलीतून मिस्टर क्विंटना हलवता येईल. तसेही घरातले ॲपल पाय त्यांनी संपवत आणले आहेत. मेहिटाबलला सांगितलं. तिने मला ॲपल पायचा मोठा तुकडा वाढला, आणि पिसांची गादी उन्हात टाकायला गेली.

२५ जुलै

मावशीकडे गेलो. भाचा, पुतण्या, जे काही लागतो त्या नात्याने बोललो. घराण्याची परंपरा, रक्त, कर्तव्य, सगळं नीट मांडलं. ती दारात वाटाणे सोलत होती. ऐकून घेतलं.

"मला लाकूड दे, एल्काना," ती म्हणाली. "नातं राहू दे."

"मावशी, मी तुला घर देतोय!"

"घर आहे मला. थंड आहे, एवढंच."

१२ सप्टेंबर

समारंभ पार पडला. बॉस्टनहून दोन बग्ग्या भरून पाहुणे आले. मावशीने पडदा ओढला, तो खांबाच्या टोकाला अडकला, तिने हिसका दिला, तो फाटला. टाळ्या पडल्या. मग एका रेशमी टोपीवाल्या बाईंनी तिला विचारलं, आपल्या थोर पूर्वजांविषयी घरात काय आठवणी सांगत असत?

"डुकरं मोकळी सोडायचे," मावशी म्हणाली. "आणि फार घोरायचे. आज्जी म्हणायची, थरलोच्या शेजारी बसलं की देवाचा एक शब्द ऐकू येत नाही."

बाईंनी हे मोठ्या कौतुकाने वहीत लिहून घेतलं. त्यांना वाटलं, असं बोलणं हेच खऱ्या जुन्या घराण्याचं लक्षण. माझ्या भाषणातलं मात्र त्यांनी काही लिहून घेतलं नाही. भाषणाच्या वेळी पहिल्या तिन्ही रांगा गाढ झोपल्या होत्या. मिस्टर क्विंटचा सिंह खांबावर कोरायचं राहिलं. पाथरवट म्हणाला, मला सिंह येत नाही, पाहिजे तर मेंढा करतो. मेंढा नको म्हटलं.

६ नोव्हेंबर

पहिलं बर्फ. गावाने मंजूर केलेली लाकडं मावशीकडे पोचवायला गडी मिळेना, म्हणून मीच गाडी जुंपली. कारभाऱ्याने प्रत्यक्ष देखरेख ठेवलेली बरी. ओक आहे, चांगला वाळलेला. थोडा माझ्या कोठारातलाही टाकला, गाडी भरलेली दिसावी म्हणून.

मी रचत होतो आणि ती दारात शाल गुंडाळून उभी होती. "आडवी रच," म्हणाली. "पाणी निथळायला हवं." मी आडवी रचली. मग तिने आत बोलावलं आणि मक्याची भाकरी पुढे केली. या वेळी खाल्ली. गरम होती.

"त्या दिवशी त्या कॅप्टनने तो दगड दाखवला," ती म्हणाली, "तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही. तुझा तो भाऊ माझ्या मांडीवर गेला."

"तुझ्या मांडीवर?"

"मी तुमच्याकडे कामाला होते. तुझ्या आजोबांनी बोलावलं होतं. म्हणाले, काम कर, पण नातं काढायचं नाही. मी नाही काढलं. घटसर्पाने गेला पोरगा. मग दोन वर्षांनी तू झालास. तुझ्या बापाने तेच नाव ठेवलं, पाद्रीने पाणी शिंपडलं. पण तुझ्या आईच्या तोंडून ते नाव निघेना. तुला जवळ घ्यायची, दूध पाजायची, रात्रभर कुशीत ठेवायची. नुसतं बाळ म्हणायची. एल्काना म्हणायला गेली की अर्ध्यावरच थांबायची. वर्ष झालं तरी तेच. मला वाटलं, या पोराला आपलं नाव कळणार कसं? म्हणून मी हाक मारायला लागले. भांडी घासताना, विहिरीवरून, कोंबड्यांना दाणे टाकताना. एल्काना, एल्काना. तू कुठे लक्ष देतोयस! आणि मग एक दिवस तू चुलीपाशी बसलेला असताना मी दारातून हाक मारली, आणि तू मान वळवलीस. तुझी आई पाहत होती. त्या दिवसापासून तीही म्हणायला लागली."

हातातली भाकरी तशीच राहिली. एप्रिलमध्ये मी नोटिशीखाली सही केली ती याच नावाने. हे तिला माहीत आहे, तिच्यासमोर ती वाचली गेली होती. तिने चुलीत एक ओंडका सारला आणि म्हणाली, "खा, एल्काना, निवतंय."

घरी आलो तर मेहिटाबलने विचारलं, डोळ्यांना काय झालं? बर्फ गेलं म्हटलं. मग ताट समोर आलं तरी जेववेना. तिला म्हटलं, मावशीच्या नवऱ्याच्या आणि लेकरांच्या त्या चार जागा कुठल्या, ते तिच्याकडून तू विचारून घे, मला विचारवणार नाही. पाथरवट अजून गावात आहे.